लसीच्या दिवशी सापडलेला कान: कोल्हापुरातलं एक प्रकरण

जूनचा दुसरा आठवडा. कसबा बावड्यातल्या एका शेतकरी घरातला लॅब्रॅडॉर, नाव ब्रुनो, नर, वय ४ वर्षं, रंग पिवळसर. रेबीजची वार्षिक लस आणि सोबत डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो यांची एकत्रित लस, एवढ्यासाठीच त्याला शाहूपुरीतल्या दवाखान्यात आणलं होतं. काकांचं म्हणणं सरळ होतं: "डॉक्टर, नुसतं इंजेक्शन टोचा. खातोय, पितोय, हुंदडतोय. बाकी काय न्हाय बघा त्याला."

त्यांच्या नजरेला जे दिसत होतं ते बरोबरच होतं. ब्रुनो खरंच खात-पीत होता. पण कानाच्या दुखण्यात कुत्रं जेवण सोडतं ते फार उशिरा. आधी महिनोन् महिने डोकं झाडणं आणि मागच्या पायानं कान खाजवणं चालतं, आणि घरच्यांना ती त्याची सवय वाटायला लागते.

लस टोचण्याआधीची पंधरा मिनिटं

लसीआधी अंगभर तपासणी करायची ती दोन कारणांनी. अंगात ताप असताना लस दिली तर प्रतिकारशक्ती हवी तशी तयार होत नाही, आणि पुढं काही बिघडलं तर ते लसीमुळं की आधीच्या आजारामुळं हे सांगता येत नाही. दुसरं म्हणजे धडधाकट कुत्रं वर्षातून एकदाच, याच दिवशी, दवाखान्याची पायरी चढतं. तो दिवस सुई टोचून संपवला तर पुढची संधी थेट आजारपणात.

वजन भरलं ३४ किलो. मागच्या जूनच्या कार्डावर २९ होतं. बरगड्या लागायला बोटं दाबावी लागत होती, वरून पाहताना कंबर दिसत नव्हती. अंगकाठीच्या ९ गुणांच्या मापावर हे ७. (४ ते ५ ठीक, त्याच्या वर चरबी.) ताप गुदद्वारातून मोजला: १०१.८ फॅरनहाइट. कुत्र्याला १०१ ते १०२.५ हे नेहमीचं. माणसाच्या कानात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर इथं वापरू नये, सुजलेला कान मुळातच गरम असतो. हिरड्या गुलाबी, बोटानं दाबून सोडल्यावर २ सेकंदांच्या आत रंग परत. हृदयाचे ठोके मिनिटाला ९६, लयीत. मागच्या दाढांवर पिवळट कीट, पण हिरडी सुजलेली नाही.

मग हात गाठींकडं गेला. जबड्याखालच्या दोन गाठींपैकी डावीकडची किंचित मोठी लागली. दात ठीक असताना अशी गाठ एका बाजूला वाढली, तर त्या बाजूच्या कानाकडं बघायचं. पुढच्या दोन्ही पंजांच्या बोटांमधले केस तांबूस तपकिरी झाले होते. लाळेतल्या रंगद्रव्यानं फिकट केस असे रंगतात, म्हणजे कुत्रं पंजे रोज चाटतंय. जांघेत लाली होती. दोन गोचिड्या सापडल्या, एक बोटांच्या बेचक्यात आणि दुसरी उजव्या कानाच्या पाळीच्या कडेला कातडीचा जो छोटा खिसा असतो त्यात. हा खिसा घरी कुणी उघडून बघत नाही आणि गोचिडीला तीच जागा आवडते.

कानाला हात लावण्याआधी वास घेतला. उजव्या कानाला नेहमीच्या मळाचा हलका वास. डाव्याला आंबूस, शिळ्या ताकासारखा. नळी बाहेरून चिमटीत धरून दाबली: डावी जाड लागत होती पण लवचीक होती, आणि दाबल्यावर आतून चळक-चळक आवाज आला. ब्रुनोनं मान चोरली. नळी दगडासारखी कडक लागली असती तर प्रकरण वेगळं झालं असतं. वर्षानुवर्षांच्या सुजेनं कूर्चेत चुना साठतो, मग औषध आत पोचत नाही आणि शेवटी शस्त्रक्रियेनं नळीच काढावी लागते. ब्रुनो त्या टप्प्याच्या बराच अलीकडं होता.

कुत्र्याची नळी वाकडी असते

माणसाच्या कानाची नळी आडवी, जेमतेम अडीच सेंटिमीटरची. कुत्र्याची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनाजवळ वळून आत जाते. मोठ्या कुत्र्यात दोन्ही भाग मिळून ही लांबी माणसाच्या नळीच्या दुप्पट-तिप्पट होते. आत पडलेलं पाणी, मळ, औषध सगळं त्या वळणावर अडतं. लॅब्रॅडॉरची पाळी वर झाकणासारखी पडलेली, त्यामुळं आत ऊब आणि दमटपणा. त्यात कोल्हापूरचा पावसाळा, जून ते सप्टेंबर हवा वाळतच नाही. मुधोळ-कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांच्या कानाची ठेवण वेगळी. त्यांना हाच त्रास होतो, पण कॉकर आणि लॅब्रॅडॉरइतका नाही.

ओटोस्कोपनं, म्हणजे कानात बघायच्या दुर्बिणीनं, बघताना चांगला कान आधी, दुखरा नंतर. नाहीतर दुसऱ्या कानाला हात लावायच्या आधीच कुत्रं उठून उभं राहतं, आणि एका कानातलं जंतूंचं बिऱ्हाड दुसऱ्यात जातं. प्रत्येक कानाला कोन वेगळा. पाळी वर आणि बाहेर ओढून धरली की वळण थोडं सरळ होतं. उजव्या कानात पडदा पूर्ण दिसला: राखाडी, तांदळाच्या पापडीसारखा अर्धपारदर्शक, मागून हातोडीच्या हाडाची पांढरी रेघ. डाव्यात तपकिरी तुपकट मळ भरलेला, नळीची भिंत लाल आणि फुगलेली. पडदा दिसलाच नाही.

पडदा दिसत नाही तोवर तो फाटलेला आहे असं धरून चालायचं. कारण कानात घालायची बरीच औषधं पडद्यापलीकडं मध्यकर्णात गेली तर बहिरेपणा किंवा तोल जाणं असे परिणाम करू शकतात. जेंटामायसिन, पॉलिमिक्सिन, क्लोरहेक्सिडिन, अल्कोहोल ही त्यातली नेहमीची नावं. म्हणून डावा कान आधी कोमट सलाईननं धुतला. मऊ रबरी नळी, २० मिलीची सिरिंज, दाब अगदी हलका, पाणी बाहेर परत येतंय ना हे बघत. ब्रुनोनं सहन केलं, भुलीची गरज पडली नाही. पाचव्या सिरिंजनंतर पडद्याचा वरचा भाग दिसला आणि थोड्या वेळानं खालचाही. अखंड होता.

काचेवर काय दिसलं

धुण्याआधी दोन्ही कानांतून स्वॅब घेतला होता. हा क्रम चुकला तर नमुना पाण्यात वाहून जातो. स्वॅब सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर घासायचा नसतो, गोल फिरवत लोळवायचा. घासला तर पेशी फाटतात. डाव्या कानाची एक ओळ आणि उजव्याची दुसरी, काचेवर पेन्सिलनं डा-उ लिहिलेलं. झटपट रंगवायच्या तीन भांड्यांच्या स्टेनमध्ये बुडवून वाळवली. दुसऱ्या काचेवर थोडा मळ पातळ पॅराफिनच्या थेंबात कालवून कमी भिंगाखाली बघितला, कानातले माइट, म्हणजे सूक्ष्म किडे, शोधायला. माइट नव्हते. मोठ्या, सुस्थितीतल्या कुत्र्यात ते क्वचितच निघतात. पिल्लं आणि मांजरं यांच्यात मात्र कॉफीच्या चोथ्यासारखा काळा कोरडा मळ दिसला की पहिला संशय त्यांचाच, आणि ते घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडं सहज जातात.

रंगवलेल्या काचेवर, ४०० पट भिंगाखाली, डाव्या कानात प्रत्येक क्षेत्रात सरासरी १४ मलासेझिया. ही यीस्ट भुईमुगाच्या शेंगेसारखी किंवा पावलाच्या ठशासारखी दिसते, एकदा ओळखली की विसरत नाही. उजव्या कानात ६. कुत्र्याच्या निरोगी कानातही ती असतेच. एका क्षेत्रात २ पर्यंत साधारण मानतात, ५ च्या पुढं गेलं की वाढ झाली असं धरतात. गोल जिवाणू तुरळक. दांड्यासारखे जिवाणू नाहीत, पू-पेशी नाहीत.

या पाच मिनिटांच्या कामानं औषध ठरलं. दांड्यासारखे जिवाणू आणि पू-पेशी भरपूर निघाल्या असत्या, तर नमुना कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून औषध ठरवायला, पाठवणं भाग होतं, कारण त्या दांड्यांमधला स्यूडोमोनास हा जिवाणू बऱ्याच प्रतिजैविकांना दाद देत नाही. काच न बघता थेंब लिहून देणं ही आपल्याकडची सर्रास चाललेली चूक आहे. खर्च वाचतो असं वाटतं, पण चुकीची बाटली आणि वाया गेलेला महिना त्याहून महाग पडतो.

विचारल्यावर निघालेली हकीकत

"कान कधीपासून झाडतो?" या प्रश्नाला उत्तर आलं, "झाडतोय की, पण ते पावसाळ्यात सगळीच झाडतात." म्हणून प्रश्न बदलले. मागच्या दिवाळीत झाडत होता का? होळीला? पंजे कधी चाटतो, जेवल्यावर की रात्री? अंघोळ किती दिवसांनी, कशानं? पोहायला कुठं नेता?

त्यातून हे जुळलं. दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा पावसाळ्यात खाज आली आणि दिवाळीनंतर आपोआप गेली. तिसऱ्या वर्षी तेच. त्या वेळी औषधांच्या दुकानातून माणसांचे कानाचे थेंब आणले, चार दिवस घातले, बरं वाटलं म्हणून सोडले. महिन्याभरात पुन्हा. मग आज्जींनी लसूण घालून तापवलेलं खोबरेल तेल कोमट करून घातलं, आठवड्यातून दोनदा, मायेनं. चौथ्या वर्षी खाज हिवाळ्यातही पूर्ण गेली नाही. उन्हाळाभर मळ्यातल्या विहिरीत रोज पोहणं झालं, आणि घरी आल्यावर मुलगा कापसाच्या काडीनं कान पुसत होता.

यातली प्रत्येक गोष्ट काळजीपोटी केलेली होती, आणि जवळजवळ प्रत्येकीनं दुखणं वाढवलं. तेल वळणावर साठतं आणि मळ तिथंच चिकटून राहतो. मलासेझियाला चरबी मानवते, ती चरबीवरच पोसते. शिवाय तेलाचा थर असला की थेंब कातडीपर्यंत पोचत नाहीत. कापसाची काडी वरचा मळ काढल्यासारखा दाखवते आणि उरलेला वळणाकडं ढकलते, बंदुकीत दारू ठासावी तसा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून कान साफ झाल्यासारखं वाटतं, पण फेसानंतर आत पाणीच उरतं आणि सोललेली कातडी भाजते. व्हिनेगरचंही तसंच, लाल कानात ते आग करतं.

आज्जींना "तेल घालू नका" एवढंच सांगून चाललं नसतं. त्यांच्या हातांना दुसरं काम हवं होतं, म्हणून थेंबांची वेळ पाळायचं काम त्यांच्याकडं दिलं.

पहिल्या दिवशी काय केलं

लस दिली. कानाची सूज हे लस लांबवायचं कारण नव्हतं: ताप नाही, भूक नेहमीची. लेप्टोचा भाग तर टाळण्यासारखा नव्हताच. बावडा पंचगंगेच्या काठावर. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या प्रत्येक घराला पाठ असतं. त्या दिवसांत उंदीर शेतातून घरांकडं येतात आणि त्यांच्या लघवीनं साचलेलं पाणी बाधतं. हा आजार कुत्र्याकडून माणसालाही होतो. लेप्टोच्या लसीचं संरक्षण वर्षभराचंच धरायचं, म्हणून ती जूनच्या आधी मेअखेरीस द्यावी हे पुढच्या वर्षासाठी कार्डावर लिहिलं.

गोचिड्या होत्या म्हणून रक्ताची तपासणी केली, प्लेटलेटसह सगळं ठीक निघालं. गोचीड-पिसवांसाठी फ्लुरालेनरची १००० मिलीग्रॅमची गोळी दिली, ती २० ते ४० किलोच्या कुत्र्याला १२ आठवडे पुरते. ब्रुनोला कधी फीट आली नव्हती हे आधी विचारलं. या गटातल्या औषधांबाबत तो प्रश्न सोडायचा नसतो.

कानासाठी मायकोनॅझोल, पॉलिमिक्सिन बी आणि प्रेडनिसोलोन असलेले थेंब. पडदा अखंड दिसला होता म्हणूनच हे चाललं. नळी लवचीक होती, त्यामुळं पोटातून स्टेरॉइड दिलं नाही, थेंबातलं पुरेसं होतं. माप: प्रत्येक कानात ०.५ मिली, दिवसातून दोनदा, १४ दिवस. बाटलीवरचे "थोडे थेंब" छोट्या कुत्र्याला पुरतात, ३४ किलोच्या लॅब्रॅडॉरच्या नळीत ते वळणापर्यंतही जात नाहीत. म्हणून सुई काढलेली १ मिलीची सिरिंज आणि तिच्यावर अर्ध्यावर मार्करची रेघ. हिशेबही काढून दिला: दोन्ही कानांना १४ दिवसांत २८ मिली लागणार, म्हणजे १५ मिलीच्या दोन बाटल्या. एकच घेतली तर आठव्या दिवशी औषध थांबणार, आणि तिथंच पुढचं दुखणं सुरू होणार.

सोबत सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्लाचं कान धुवायचं द्रव. पहिले दोन आठवडे दिवसाआड. रोज धुतलं तर कातडी भिजून पांढरी पडते आणि आणखी सोलते.

धुण्याची पद्धत दवाखान्यातच मुलाकडून एकदा करून घेतली. ब्रुनोला भिंतीच्या कोपऱ्यात, शेपूट कोपऱ्याकडं करून बसवायचं, म्हणजे मागं सरकायला जागा नाही. एकानं हनुवटीखाली हात धरायचा. बाटली आधी पाच मिनिटं हातात किंवा खिशात ठेवून कोमट करायची, कारण गार द्रव आत पडलं की कुत्रं दचकतं आणि दुसऱ्या वेळेपासून बाटली बघूनच पळतं. पाळी सरळ वर धरायची, बाटलीचं तोंड आत न खुपसता नळी काठोकाठ भरायची. मग पाळी सोडायची नाही, कानाच्या मुळाशी अंगठा आणि दोन बोटांनी अर्धा ते एक मिनिट चोळायचं. चळक-चळक ऐकू आलं म्हणजे द्रव वळणाच्या पुढं पोचलं. मग बाजूला होऊन त्याला मान झाडू द्यायची. जे वर येईल ते बोटाला गुंडाळलेल्या गॉजनं टिपायचं, बोट जाईल तिथवरच. कापूस कोंबायचा नाही. १५ मिनिटांनी थेंब, पुन्हा चोळणं, आणि लगेच त्याच्या आवडीचं काहीतरी, तेही रोजच्या खाण्यातून कापून.

दुखरा कान धरल्यावर अत्यंत लाडकं कुत्रंही चावू शकतं. ब्रुनो गुरगुरला नाही. जो गुरगुरतो त्याला आधी वेदनाशामक आणि तोंडाला पट्टी. जबरदस्तीनं धरून धुवायचं नाही.

पंधरावा दिवस: वास गेला, यीस्ट राहिली

घरचे खूश होते. "सहाव्या दिवसापासनं एकदम गप्प झालाय." डोकं झाडणं थांबलं होतं, वास नव्हता, पाळीची लाली उतरली होती. तरी काच केली. उजवा कान १, डावा ८.

कारण शोधायला बाटल्या टेबलावर मागवल्या. पहिलीच्या तळाशी थोडं उरलेलं, दुसरी उघडलेलीच नव्हती. २८ मिलीपैकी जेमतेम निम्मे गेले होते. सहाव्या दिवशी बरं वाटल्यावर दोनदाचं एकदा झालं, मग एकाआड. करून दाखवायला सांगितल्यावर दुसरी गोष्टही कळली: सिरिंज नळीच्या तोंडाशी न धरता पाळीच्या आतल्या गुळगुळीत भागावर धरली जात होती. औषध वरच पसरत होतं आणि पहिल्याच झटक्यात भिंतीवर उडत होतं. पाळीची लाली गेली ती म्हणूनच, आत मात्र जवळजवळ काही पोचलं नाही.

इथं घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही. खाज कमी होते ती थेंबातल्या स्टेरॉइडनं, दोन-तीन दिवसांत. यीस्ट मरायला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणजे कुत्र्याला बरं वाटणं आणि कान बरा होणं यांच्यात दहा-बारा दिवसांचं अंतर पडतं, आणि बाहेरून ते दिसत नाही. उपचार थांबवायचा निर्णय काचेवरूनच घ्यावा लागतो.

पुन्हा १४ दिवस, तेच औषध. आज्जींच्या कॅलेंडरवर सकाळ-संध्याकाळ फुल्या. सिरिंज धरायची जागा मुलाच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ करून दिली. २९ व्या दिवशी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, डावा ०-१, उजवा ०. दोन्ही पडदे स्वच्छ. जबड्याखालची गाठ उतरलेली. बाटल्या रिकाम्या.

मग कान का बिघडला?

विहीर, पावसाळा, लोंबती पाळी यांनी रान तयार केलं. यीस्टनं संधी साधली. पण विहिरीत पोहणारी सगळीच कुत्री अशी आजारी पडत नाहीत. कानाची नळी ही कातडीच आहे, आत वळलेली. ज्याचे दोन्ही कान, पंजे आणि जांघ एकाच वेळी खाजतात त्याचं मूळ कानात नसतं. एक ते तीन वर्षांच्या वयात सुरू झालेली, पावसाळ्यात उसळणारी खाज ही वातावरणातल्या कणांच्या ॲलर्जीकडं बोट दाखवते. लॅब्रॅडॉरमध्ये ती बऱ्यापैकी दिसते.

पण चौथ्या वर्षी खाज हिवाळ्यातही राहिली होती, म्हणून अन्नाची ॲलर्जी तपासल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. त्यासाठी रक्ताच्या महागड्या चाचण्या विकल्या जातात, त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. खरी चाचणी एकच: आठ आठवडे असं अन्न, जे त्यानं आधी खाल्लेलं नाही. ब्रुनोच्या ताटात आजवर चिकन, अंडी, दूध, ज्वारीची भाकरी, गव्हाची चपाती आणि रविवारी रश्श्यातलं मटण असायचं. (रश्श्याचा कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, तो बंद करायचाच होता.) म्हणून उकडलेला रोहू मासा काटे काढून, आणि रताळं. मीठ-मसाला नाही. हे आयुष्यभराचं पूर्ण अन्न नव्हे. मोठ्या कुत्र्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवडे चालतं, पिल्लाला नाही.

यात मोडतं काय, तर शिस्त. शेजारच्या पोरांनी दिलेलं एक बिस्किट, चवीची जंताची गोळी, ताटातला एक घास, आणि मोजणी पहिल्यापासून. तिसऱ्या आठवड्यात तसं झालंच, घरी पाहुणे आले आणि दूध-भाकरी पोटात गेली. दिवस पुन्हा एकपासून मोजले. चाचणी जुलैच्या मध्याऐवजी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या अर्थानं सुरू झाली आणि सप्टेंबरअखेरीस संपली. त्या काळात खाज सोसवावी म्हणून आठवड्यातून एकदा क्लोरहेक्सिडिन-मायकोनॅझोलच्या शाम्पूनं अंघोळ, फेस १० मिनिटं अंगावर ठेवून. कानांत फेस जाऊ द्यायचा नाही, अंघोळीपुरते कापसाचे गोळे नळीच्या तोंडाशी, नंतर मोजून काढायचे. विहीर बंद. कान आठवड्यातून एकदा धुणं, आणि पावसात भिजून आला तर त्या संध्याकाळीही.

आठ आठवड्यांनी पंजे तसेच चाटत होता. माशावर खाज कमी झाली नाही, म्हणजे अन्न हे कारण नव्हतं. गोचीड-पिसवांची गोळी वेळेवर चालू होती, तेही कारण बाद झालं. उरली वातावरणातली ॲलर्जी. ती बरी होत नाही, आवरता येते. त्यासाठी खाज आवरणाऱ्या ऑक्लासिटिनिबची १६ मिलीग्रॅमची एक गोळी, पहिले १४ दिवस दिवसातून दोनदा आणि मग एकदा, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. चौथ्या दिवशी पंजे चाटणं निम्म्यावर आलं. दिवाळीपर्यंत बोटांमधले नवे केस पिवळसर उगवायला लागले.

वजन या सगळ्यात मागं पडू दिलं नाही. रोजचं अन्न ताटलीनं न देता वजनकाट्यावर मोजून देणं सुरू झालं, आणि नोव्हेंबरात ३१ किलो भरलं. वजन हललं नसतं तर थायरॉइडची तपासणी करायची होती, कारण त्याच्या कमतरतेतही कातडी आणि कान बिघडतात. ती जूनमध्ये मुद्दाम केली नाही. सूज आणि स्टेरॉइड चालू असताना आकडा खोटा कमी येतो.

घरी काय बघायचं, आणि कधी धावायचं

दर रविवारी सकाळच्या उजेडात दोन मिनिटं. दोन्ही पाळ्या उलटून शेजारी-शेजारी तुलना, वास, मुळाशी हलका दाब, पाळीच्या कडेचा तो खिसा. फिकट पिवळा थोडा मळ ठीक असतो, त्याला हातही लावायचा नाही. स्वच्छ कान धुवायची हौस नको. शिह त्झूसारख्या जातींत नळीतले केस उपटायची सलूनमध्ये पद्धत आहे. कान निरोगी असेल तर ते करू देऊ नये, उपटलेल्या जागी सूज धरते.

काही खुणांना दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. मान एका बाजूला कलणं, गोल फिरणं, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलणं, ओठ एका बाजूला लोंबणं, जबडा उघडताना कळवळणं: दुखणं पडद्यामागं गेलं आहे. पाळी फुग्यासारखी भरून आली तर आत रक्त साठलं आहे, जोरात डोकं झाडून शिर फुटते. आणि दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर, माळावरून फिरून आलेलं कुत्रं अचानक एकाच बाजूला डोकं झाडायला लागलं, तर आत कुसळ गेलेलं असू शकतं. त्याची ठेवण बाणासारखी असते, ते पुढंच सरकतं आणि पडदा भोसकतं. घरी चिमटा घालायचा नाही.

पडद्यामागच्या दुखण्याला सीटी स्कॅन आणि भूल देऊन खोल धुणं लागतं. त्यासाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडं पाठवावं लागतं. पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळला एक महाविद्यालय आहे. तिथं नेण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून फोन करून सोय विचारून घ्यावी, आणि जुन्या काचांचे आकडे, दिलेली औषधं, त्यांच्या तारखा कागदावर सोबत न्याव्यात.

ब्रुनोच्या कार्डावर पुढच्या वर्षाच्या तारखा अशा लिहिल्या आहेत: मेचा शेवटचा आठवडा, दोन्ही लसी, वजन, दोन्ही कानांची काच. त्याच दिवशी ऑक्लासिटिनिब, म्हणजे खाज सुरू व्हायच्या आधी. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, गोचिडीची गोळी दर १२ आठवड्यांनी. ऑगस्टच्या मध्यात कानांची आणखी एक काच, खाज असो वा नसो. विहीर मार्चपासून मेपर्यंत, आठवड्यातून दोनदा, आणि पोहून आल्यावर कोपऱ्यात बसवून दोन्ही कान धुणं. तेलाची वाटी आज्जींनी फडताळात उचलून ठेवली आहे आणि तिच्या जागी खिडकीत १ मिलीची सिरिंज असते, अर्ध्यावर काळी रेघ ओढलेली.